सायलेन्सर बदलला, आता सेटिंग लागेल का? चोपाऊ ते उमरखेड : एका नळीचा इतिहास

मंडळी, आजचा धागा किल्ल्यांचा नाही आणि ताम्रपटांचाही नाही. उमरखेडच्या एका वाचकमित्राने एक प्रश्न पाठवला आहे. त्याच्या घरी वडिलांच्या काळातली यामाहा आरएक्स १०० आहे. त्याने तिला नवी एक्झॉस्ट नळी बसवली, हवेच्या फिल्टरचा मूळ डबा काढून उघडा फिल्टर लावला आणि आता तो विचारतो : "दादा, एवढं केल्यावर इंजिनची सेटिंग पुन्हा करावीच लागते का? मिस्त्री म्हणतो लागते. मित्र म्हणतात, गाडी झकास पळते आहे, कशाला हात लावतोस?"

उत्तर आधीच सांगून टाकतो : मिस्त्री बरोबर आहे. त्याचे म्हणणे खरे का ठरते, हे समजून घ्यायचे तर जर्मनीतले एक छोटे गाव, बर्लिनची भिंत, जपानमधला एक पेटीवाला कारखाना आणि आपल्या वर्ध्याहून पुण्याला गेलेले एक उद्योगघराणे, एवढी वाट चालावी लागते. म्हणून हा प्रश्न इतिहासाच्या धाग्यावर घेतला.

जर्मनीच्या सॅक्सनी भागात चोपाऊ नावाचे गाव आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथला डीकेडब्ल्यू हा जगातल्या सर्वांत मोठ्या मोटारसायकल कारखान्यांपैकी एक होता. १९३९ साली त्याने आरटी १२५ ही गाडी बाजारात आणली. १२३ घनसेंटीमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, हलका सांगाडा, आणि ताकद जेमतेम पाच अश्वशक्तीच्याही आत. पण रचना इतकी साधी आणि नेटकी होती की युद्धात जर्मनी हरल्यावर जेत्यांनी आणि इतरांनीही ती मनमुराद उचलली. इंग्लंडची बीएसए बँटम, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची लहान गाडी, सोव्हिएत रशियातली मॉस्क्वा, या सगळ्या आरटी १२५ च्याच लेकी.

जपानमध्ये १९५५ साली यामाहाने आपली पहिली मोटारसायकल काढली, तीही याच घराण्यातली. तिचे नाव वायए-१, आणि लाडाचे नाव 'अकातोंबो', म्हणजे लाल चतुर.

इथे क्षणभर थांबू. यामाहा तोवर मोटारसायकलवाली कंपनी नव्हतीच. तोराकुसू यामाहा या कारागिराने १८८७ साली हामामात्सू गावातल्या एका शाळेची बिघडलेली पायपेटी दुरुस्त केली, त्यातून वाद्यांचा कारखाना उभा राहिला. आजही यामाहाच्या टाकीवरचे बोधचिन्ह नीट पाहा. ती तीन एकमेकांत गुंतलेली चिन्हे म्हणजे नादकाटे आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेत रबरी ठोकळ्यावर आपटून कानाशी नेतो, तेच. सूर लावणाऱ्यांच्या घरात जन्मलेली गाडी आपण दामटतो आणि तिला सूर लागतो का म्हणून विचारतो, यात मला तरी गंमत वाटते.

आता पुन्हा चोपाऊ. युद्धानंतर हे गाव पूर्व जर्मनीत गेले. डीकेडब्ल्यूच्या जागेवर सरकारी कारखाना आला, पुढे त्याचे नाव एमझेड झाले. १९५० च्या दशकात त्याच्या शर्यत विभागाची सूत्रे वॉल्टर काडेन या अभियंत्याकडे आली. युद्धकाळात हा माणूस हेन्शेल कंपनीच्या हवेतून सोडायच्या नियंत्रित बॉम्बवर काम करत होता. एमझेडमध्ये त्याच्या हाती पैसा कमी, सुटे भाग कमी, चांगले धातू तर आणखी कमी. होते ते डोके, आणि एक ऑसिलोस्कोप.

काडेनने काय केले ते कळायला टू-स्ट्रोक इंजिनची एक खोड माहीत हवी. या इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली गेला की खिडक्या उघडतात आणि वर आला की बंद होतात. जळालेला धूर बाहेर जातो त्याच वेळी पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण आत शिरते. साहजिकच त्यातले काही धुराच्या मागोमाग थेट बाहेर निसटते. पेट्रोल वाया, ताकदही वाया. टू-स्ट्रोकचा तो विशिष्ट वास आणि निळसर धूर ज्यांना आठवतो, त्यांनी हे निसटलेले पेट्रोल आणि त्यातले ऑइल हुंगलेले आहे.

निसटणारे मिश्रण परत आत ढकलायचे कसे? दरवाजा तर लावता येत नाही. काडेनने, त्याआधी डीकेडब्ल्यूसाठी एरिख वोल्फने केलेल्या कामाचा धागा पकडून, दरवाजाऐवजी आवाजाचा उपयोग केला. खिडकी उघडताच धुराबरोबर दाबाची एक लाट नळीत धावते. नळी पुढे रुंद होत गेली, तर मागे येणारी लाट ओढ निर्माण करते आणि सिलिंडर रिकामा करायला मदत करते. त्यापुढे नळी पुन्हा निमुळती झाली, तर दाबाची लाट तिथून आपटून प्रतिध्वनीसारखी परत फिरते. ही परतलेली लाट खिडकी बंद होण्याच्या नेमक्या आधी पोचली, तर निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरात कोंबले जाते. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या अशा त्या नळीला विस्तारकक्ष म्हणतात.

'नेमक्या आधी' हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. आकडे मांडून पाहू. इंजिन मिनिटाला ७,५०० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला ८ मिलिसेकंद लागतात. धुराची खिडकी ढोबळमानाने अर्धा फेरा उघडी असते, म्हणजे ४ मिलिसेकंद. तापलेल्या धुरात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर ४ मिलिसेकंदांत लाट २ मीटर जाते. जाऊन परत यायचे आहे, म्हणून निमुळता भाग साधारण मीटरभर अंतरावर हवा. नळी चार बोटे आखूड झाली तर लाट लवकर परत येते, आणि इंजिनची खरी ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकते. लांब झाली तर खाली उतरते. धूर जास्त तापला तर लाटेचा वेगही बदलतो.

काडेनने नुसती नळी बदलली असती तर हाती फारसे काही लागले नसते. त्याने धुराच्या खिडकीची उंची बदलली, मिश्रण आत आणणाऱ्या वाटांत एक जादा वाट घातली, हवा घेण्यासाठी इंजिनाच्या बाजूला फिरती चकती बसवली. ही चकतीची कल्पना डॅनियल झिमरमन याची. आणि यातल्या प्रत्येक बदलानंतर कार्ब्युरेटर पुन्हा लावला. १९६१ साली त्याच्या १२५ घनसेंटीमीटरच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला २०० अश्वशक्ती. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्याची घोडी बदलली की कारागीर तारेखालची जवारी नव्याने लावतो, कारण घोडी, तार आणि भोपळा हे मिळून एकच वाद्य असते. चोपाऊत तेच चालले होते.

मग १९६१ चा तो सप्टेंबर. ऑगस्टच्या १३ तारखेला बर्लिनची भिंत उभी राहायला सुरुवात झाली होती. एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर १२५ गटाच्या जगज्जेतेपदाच्या शर्यतीत आघाडीवर होता. पण त्याने आधीच सुझुकीशी संधान बांधले होते. स्वीडनच्या क्रिस्टियान्स्टाड येथील शर्यतीत त्याच्या इंजिनाने सुरुवातीच्या फेऱ्यांतच मान टाकली. त्याच सुमारास त्याची बायको आणि मुले मोटारीच्या डिकीत लपून पूर्व जर्मनीतून पश्चिमेकडे निसटली. डेग्नर परत गेलाच नाही. विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसकडे गेले. डेग्नर जपानला पोचला, आणि काडेनने वर्षानुवर्षे ऐकून, मोजून, कापून-जोडून मिळवलेले ज्ञान त्याच्याबरोबर हामामात्सूला पोचले. सुझुकीचे गावही तेच, यामाहाचेच.

१९६२ साली ५० घनसेंटीमीटरचा जागतिक गट पहिल्यांदा सुरू झाला, आणि सुझुकीवर बसून डेग्नरने तो जिंकला. आदल्या वर्षापर्यंत सुझुकीच्या शर्यतीच्या गाड्यांची दखल घ्यावी असे काही नव्हते. १९६४ साली फिल रीडने यामाहाला २५० गटाचे विजेतेपद मिळवून दिले, यामाहाचे ते पहिलेच. काडेनला मात्र स्वतःच्या कारखान्यासाठी एकही जगज्जेतेपद मिळाले नाही. इतिहासात अन्याय बरेच असतात, हा मला विशेष लागतो.

म्हणजे पाहा, आरएक्स १०० च्या इंजिनाची वंशावळ चोपाऊला जाते आणि तिच्या नळीचे शास्त्रही चोपाऊलाच जाते. आपल्या वाचकमित्राने उमरखेडमध्ये पान्हा लावून जी नळी काढली, ती मुळात एका शर्यत विभागातून निघून दोन जागतिक राजकारणे ओलांडून आलेली वस्तू आहे.

हवा आत घेण्याच्या बाजूचीही एक नोंद करायला हवी. १९७२ च्या सुमारास यामाहाने रस्त्यावरच्या गाड्यांत रीड व्हॉल्व्ह आणला. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये लवचीक पातळ पात्या असतात. आत ओढ निर्माण झाली की त्या उघडतात, उलट दाब आला की मिटतात. पेटीत हवेच्या झोताने थरथरणारी रीड असते, तिचीच ही बहीण. पेटी दुरुस्त करून सुरू झालेल्या कंपनीने इंजिनात रीड बसवावी, हा योगायोगच, पण सुरेख आहे. आरएक्स १०० मध्येही याच पात्या आहेत.

भारतात यामाहा आली ती एस्कॉर्ट्सच्या हाताला धरून. १९८३ साली राजदूत ३५० आली. त्याच वर्षीच्या 'हिरो' चित्रपटात जॅकी श्रॉफ तिच्यावर बसलेला दिसतो. परदेशात हीच गाडी आरडी ३५० या नावाने ३९ अश्वशक्ती देत असे. इथे ती ३०.५ वर आणली गेली आणि पुढच्या आवृत्तीत २७ वर. आपल्या ग्राहकाचा पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती?' हा असतो, हे उत्पादकाला चांगलेच ठाऊक होते. ताकद उतरवताना कारखान्याने नळी, खिडक्या, कार्ब्युरेटर यांचा मेळ नव्याने बसवला. जिथे कारखान्यालाही ताकद कमी करण्यासाठी सगळेच पुन्हा जुळवावे लागले, तिथे ताकद वाढवायला निघालेल्या गॅरेजची त्यातून सुटका कशी होणार?

१९८५ साली आरएक्स १०० आली. ९८ घनसेंटीमीटर, ७,५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या थोडे वर. १९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि तिचे उत्पादन थांबले. त्या अकरा वर्षांत तिने महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत जे वेड लावले, ते अजून उतरलेले नाही. जुनी आरएक्स आज कोणत्या भावाला जाते ते विचारून पाहा, म्हणजे कळेल.

या गाडीवर गल्लोगल्ली दोन प्रयोग झाले. पहिला, सायलेन्सरातली जाळी काढून टाकणे. दुसरा, फिल्टरचा डबा काढून हवेला मोकळी वाट देणे. दोन्ही केल्यावर आवाज बदलतो, आणि माणसाचा कान आवाजालाच वेग समजतो. त्यामुळे 'झकास पळते' या साक्षीवर मी तरी फार विसंबणार नाही.

प्रत्यक्षात काय होते? पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. जास्तीत जास्त ताकद हवी तर मिश्रण थोडे दाट, म्हणजे हवा साडेबारा ते तेरा भागांच्या आसपास. कार्ब्युरेटर हे प्रमाण मोजत नाही. हवेच्या वेगाने निर्माण झालेल्या ओढीच्या प्रमाणात तो जेटमधून पेट्रोल वर खेचतो. कारखान्यात तो जेट फिल्टरचा ठरावीक डबा आणि ठरावीक नळी गृहीत धरून निवडलेला असतो. डबा काढला की ओढ कमी होते आणि हवा जास्त शिरते. मिश्रण पातळ पडते.

पातळ मिश्रणाने गाडी सुरुवातीला हलकी, चपळ वाटू शकते. मित्र म्हणतात ते खोटे नाही, फक्त अर्धवट आहे. लांबच्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलने दहा मिनिटे गाडी चालवली की सिलिंडर आणि पिस्टनचा माथा तापत जातो. थंडावा द्यायला पेट्रोलच कमी पडते. पिस्टन फुगतो, ऑइलचा थर फाटतो, आणि पिस्टन भिंतीला चिकटतो. यालाच मिस्त्री 'सीज झाली' म्हणतात. येझदी, राजदूत १७५ यांसारख्या ज्या गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, तिथे पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, दुहेरी मार. आरएक्सला वेगळा ऑइल पंप आहे, एवढाच दिलासा.

सीज होण्याचा अर्थ रिबोरचा खर्च एवढाच नसतो. इंजिन अडकले की मागचे चाक अडकते. यवतमाळहून महागाव, उमरखेड, हदगाव करत नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आता रुंद आणि सरळ झाला आहे. त्यावर ताशी ८० च्या वेगात, मागे ट्रक असताना, चाक अडकणे म्हणजे काय हे लिहून दाखवण्याची गरज नाही. टू-स्ट्रोकवर वाढलेल्या पिढीचा डावा हात सदैव क्लचवर दोन बोटे टेकवून असायचा, तो याच भीतीने. पूर्वीच्या शर्यतपटूंची ही सवय गावोगावच्या स्वारांनाही कुणी न शिकवता लागली होती.

आपल्या हवामानाचीही यात एक खोच आहे, ती फार थोड्यांच्या लक्षात येते. मे महिन्यात उमरखेडला दुपारी ४४ अंश असतील आणि जानेवारीच्या पहाटे १०, तर दुपारची ती हवा पहाटेच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ असते. कार्ब्युरेटरचे मिश्रण त्यामुळे उन्हाळ्यात आपोआप थोडे दाट होते आणि हिवाळ्यात पातळ, फरक साधारण पाच ते सहा टक्क्यांचा. म्हणून मेच्या उन्हात 'आता अगदी बरोबर' म्हणून लावलेला जेट जानेवारीच्या धुक्यात दगा देऊ शकतो. इंजिन उन्हाळ्यातच सीज होते, असे अनेकांना वाटते. मूळ धोका कित्येकदा थंडीत असतो, कारण थंड घट्ट हवेला पुरेल एवढे पेट्रोलच जेटमधून येत नाही.

त्यात आता पेट्रोलही ते राहिलेले नाही. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असल्यामुळे या इंधनाला हवा कमी लागते, १४.७ ऐवजी साधारण १३.५ भाग. ४० वर्षांपूर्वीच्या जेटमधून तेवढेच इंधन येत राहिले तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ झाले म्हणून समजा, तेही गाडीला हात न लावता. पोफाळीच्या कारखान्यामुळे ऊस उमरखेडकरांच्या ओळखीचा आहे. तो उसाचा रस या मार्गाने आरएक्सच्या जेटपर्यंत पोचेल, असे १९८५ साली कुणाच्या ध्यानीमनीही नसेल. नवी नळी, उघडा फिल्टर आणि हे पेट्रोल, तिन्ही एकाच दिशेने ढकलतात. तिथे सेटिंग 'लागते का' हा प्रश्न उरत नाही.

जाता जाता फिल्टरविषयी. उघडे फिल्टर जगभर लोकप्रिय करणारी के अँड एन ही कंपनी कॅलिफोर्नियातली, १९६९ च्या सुमाराची. तिच्या फिल्टरमध्ये काय असते? तेल लावलेल्या सुती कापडाचे थर. कापसाच्या जिल्ह्यातल्या पोराने अमेरिकेतून आलेला सुती फिल्टर हौसेने विकत घ्यावा, हा व्यापाराचा जुनाच फेरा आहे. पण एक व्यवहार लक्षात ठेवा. असा फिल्टर वेळच्या वेळी धुऊन त्याला पुन्हा तेल लावले नाही, तर काळ्या मातीच्या रस्त्यावरची धूळ थेट सिलिंडरात जाते. आणि बाजारात त्याच रंगाच्या ज्या स्वस्त नकला मिळतात, त्यांच्याबद्दल न बोललेलेच बरे.

आता फोर-स्ट्रोककडे वळू, कारण आज रस्त्यावर बहुतेक गाड्या त्याच आहेत. ही कथा आपल्या महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला सुरू होते. उमरखेडहून याच रस्त्याने उलटे, यवतमाळमार्गे गेले की वर्धा लागते. जमनालाल बजाज वर्ध्याचे. त्यांच्या घराण्याने १९४५ साली काढलेल्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनमधून पुढे पुण्याच्या आकुर्डीची बजाज ऑटो उभी राहिली. २००१ मध्ये पल्सर आली, २००३ मध्ये तिला एका सिलिंडरात दोन स्पार्क प्लग देणारे डीटीएस-आय तंत्र मिळाले. दोन ठिकाणी ठिणगी पडली की पातळ मिश्रणही लवकर आणि नीट जळते, हे त्यामागचे गणित. या पेटंटवरून बजाज आणि टीव्हीएस यांच्यात २००७ पासून झालेला मद्रास उच्च न्यायालयातला वाद बराच गाजला.

आपल्या विषयाला जवळची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच दशकात बजाजने एक्झॉस्ट नळीच्या सुरुवातीलाच, इंजिनाजवळ, एक छोटा कक्ष जोडला आणि त्याला एक्झॉसटेक असे नाव दिले. गर्दीत, चढावर, खालच्या फेऱ्यांत ओढ वाढवणे हा त्याचा हेतू. अनेकांना तो नळीवर निघालेला निरर्थक डबा वाटला, आणि 'फ्री फ्लो' नळी बसवताना सर्वांत आधी तोच गेला. मग तक्रार येते की गाडी वरती पळते, पण दुसऱ्या गिअरवर गावातून निघताना दम तोडते. तोडणारच. काडेनची लाट इथेही होती, फक्त दुसऱ्या कामाला लावलेली.

पल्सर २२० चे उदाहरण तर कारखान्याच्याच हातचे आहे. २००७ मध्ये ती इंधन इंजेक्शनसह आली, ताकद सुमारे २० अश्वशक्ती. २००९ मध्ये बजाजने तीच गाडी कार्ब्युरेटर लावून पुन्हा आणली आणि ताकद २१ च्या थोडी वर गेली. ज्यांना 'इंजेक्शन म्हणजे आपोआप जास्त ताकद' असे वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. यंत्र जुने की नवे यापेक्षा ते त्या इंजिनाला कसे जुळवले आहे, यावर बरेच काही ठरते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि कार्ब्युरेटर नव्या मोटारसायकलींतून जवळजवळ हद्दपार झाला. आता धुराच्या नळीत प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. तो सांगतो त्याप्रमाणे संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. मग नव्या गाडीला सेटिंग लागते का? इथे वाचकमित्राच्या मित्रांचे म्हणणे काही अंशी मान्य करावे लागते. मूळ नळी आणि तिच्यातले उत्प्रेरक तसेच ठेवून केवळ शेवटचा डबा बदलला, तर हवेच्या प्रवाहात होणारा फरक लहान असतो, आणि संथ वेगात संगणक तो सांभाळून घेतो.

पण थ्रॉटल पूर्ण उघडला की बहुतेक गाड्यांत हा संगणक सेन्सरचे ऐकणे सोडून कारखान्यात भरलेल्या कोष्टकावर चालतो. त्या कोष्टकाला तुमची नवी नळी ठाऊक नसते. म्हणजे ज्या क्षणी चुकीची किंमत सर्वांत जास्त, नेमक्या त्या क्षणी सुधारणा करणारे कुणी नसते. पूर्ण नळी आणि उघडा फिल्टर दोन्ही बदलले, तर संगणकाचे कोष्टक नव्याने लिहून घ्यावे लागते, तेही डायनोवर गाडी चढवून आणि धुरातले प्रमाण मोजून. केवळ एक जादा पेटी वायरमध्ये अडकवून 'आता झाले' म्हणणाऱ्यांकडून मोजणीचा कागद मागून पाहा.

आणखी एक बाजू आहे, ती टाळून चालणार नाही. पुण्यात वेताळ टेकडीचा एक भाग लोक सरळ 'एआरएआय टेकडी' म्हणून ओळखतात. तिथे १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. गाडीचा नमुना अशा संस्थेत आवाज आणि धूर यांच्या चाचण्या पार करतो तेव्हाच ती विकता येते. ८० ते १७५ घनसेंटीमीटरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल, त्यावरच्या गाड्यांना ८०. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद केली. रस्त्यावर मांडलेल्या सायलेन्सरांवरून पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतीलच. अचूक सेटिंग केल्याने बेकायदा नळी कायदेशीर होत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर सगळे करा. शहरातल्या रुग्णालयासमोरून जाताना मात्र तो आवाज कुणाच्या उशाशी जातो, हे ठाऊक असू द्या.

तेव्हा उमरखेडच्या मित्रा, तुझ्या गाडीचे असे कर. पहिल्यांदा फिल्टरचा मूळ डबा परत बसव. त्या डब्याच्या आकाराला आणि त्याच्या तोंडाला अर्थ आहे, तो कचरा अडवण्यापुरता नाही. मूळ सायलेन्सर घरात असेल तर तोही परत चढव, जाळीसकट, आणि जाळीवर साचलेला काजळीचा थर साफ करून घे. निम्म्या जुन्या आरएक्स एवढ्यानेच पुन्हा मोकळ्या होतात. मग आजच्या पेट्रोलसाठी मिस्त्रीकडून मुख्य जेट एक पायरी मोठा लावून तपास, सुईची खाच बघ, रीडच्या पात्या तुटल्या नाहीत ना ते बघ, ऑइल पंपाची तार बरोबर ओढली जाते ना तेही बघ.

त्यानंतर मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर गाडी चांगली तापू दे. थोडा वेळ चढ्या थ्रॉटलवर चालवून एकदम क्लच दाब, इंजिन बंद कर, कडेला थांबून प्लग काढ. पोर्सेलीन पांढरेफटक असेल तर मिश्रण पातळ आहे, तसाच पुढे जाऊ नकोस. काळे, ओशट असेल तर दाट. दुधाच्या चहासारखा तपकिरी रंग आला की जमले. इथेनॉलच्या पेट्रोलात हा रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही, म्हणून एकदा पाहून समाधान मानू नकोस. आता केलेली सेटिंग जानेवारीच्या पहाटे पुन्हा एकदा प्लग काढून तपासून घे.

आणि मिस्त्रीला चोपाऊची गोष्ट सांग. त्याला आवडेल.